धडा अकरावा, दुरुस्तीसह मंजूर

जी गोष्ट समिती नेमल्याशिवाय नीट चालते, ती मुळात नीट चालतच नसावी, असा शहाण्या प्रशासनाचा सिद्धान्त आहे. तो आजवर कुणी खोडून काढलेला नाही, कारण खोडायचा म्हटला तरी आधी समिती नेमावी लागेल. माणसाचं शरीर मात्र या सिद्धान्ताला राजरोस हरताळ फासतं. सकाळी बोटात काटा मोडला, तर दुपारपर्यंत तिथे रक्ताची धाव वाढलेली असते, पांढऱ्या पेशी कामाला जुंपलेल्या असतात, जागा लाल होऊन ठणकायला लागलेली असते. ना टिप्पणी, ना सही, ना प्रवासभत्ता. कामावर असताना मेलेल्या पेशीच्या जागी तिच्या भाच्याला चिकटवून घेण्याची सोयही तिथे नाही.

असला बेबंद कारभार सातवीतल्या कोवळ्या मुलांना शिकवावा की नाही, असा प्रश्न पाठ्यपुस्तक मंडळासमोर आला, तेव्हा मंडळाने योग्य तेच केलं. समिती नेमली.

समितीच्या सचिवपदी जे गृहस्थ होते, त्यांची एकोणतीस वर्षं सेवा झाली होती आणि निवृत्तीला तेरा महिने उरले होते. एवढ्या काळात त्यांना एकदाही स्वतःचं मत झालेलं नव्हतं. (कार्यालयात हे तब्येत चांगली असल्याचं लक्षण समजलं जातं.) समोरचा काय बोलणार हे ते त्याच्या घशाच्या हालचालीवरून ओळखत आणि त्याच्या आधी मान डोलवत. निवृत्तीनंतर दोन वर्षांची मुदतवाढ मिळावी, एवढी एकच इच्छा त्यांनी मनात बाळगली होती. मुदतवाढीची फाइल अध्यक्षांच्या टेबलावर उजव्या बाजूला, पेपरवेटखाली होती. सचिव रोज तिच्याकडे पाहत आणि रोज थोडे आणखी नम्र होत.

अध्यक्ष हे निवृत्त अधिकारी होते. रस्ते, मीठ, वजनमापं आणि तुरुंग अशा चार खात्यांत त्यांनी काम केलं होतं आणि चारही खात्यांनी त्यांना निरोप देताना मनापासून टाळ्या वाजवल्या होत्या. विषय माहीत नसणं ही निःपक्षपातीपणाची पहिली पायरी आहे, असं ते म्हणत, आणि त्या पायरीवर ते ठाण मांडून बसलेले असत. त्यांच्या हाताखाली एक भाषातज्ज्ञ होते, एक मूल्यतज्ज्ञ होते आणि एक पालक प्रतिनिधी होते. (पालक प्रतिनिधी अविवाहित होते, त्यामुळे पालकांच्या प्रश्नांकडे ते त्रयस्थपणे पाहू शकत.) शास्त्रज्ञ हवा म्हणून एक शास्त्रज्ञही घेतले होते. ते खडकांचे तज्ज्ञ होते. दगडाला रोग होत नाही, एवढं एकच वाक्य ते दर बैठकीत बोलत, आणि खरं सांगायचं तर संपूर्ण इतिवृत्तात शास्त्रीयदृष्ट्या निर्दोष असं तेच एक वाक्य आहे.

धडा लिहिला होता एका शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंनी. आठ पानं, आखीव कागदावर, गोल अक्षरात. बाईंना समितीत ‘विशेष निमंत्रित’ असा दर्जा होता. म्हणजे बोलावलं जातं, बसवलं जातं, चहा दिला जातो आणि विचारलं काही जात नाही. त्यांची खुर्ची दाराजवळ, पाण्याच्या पिंपाशेजारी असे.

बाईंचा धडा वाचला तर कुणालाही कळेल असा होता, आणि इथूनच शंकेला जागा होती. त्यांनी लिहिलं होतं की, त्वचा ही शरीराची भिंत. नाकातला शेंबूड म्हणजे चिकट सापळा, जंतू त्यात अडकतात. गिळले गेलेच, तर बरेचसे पोटातल्या आम्लात मरतात. भिंतीला भोक पडून जंतू आत आलेच, तर पांढऱ्या पेशी धावून जातात आणि त्यांना खाऊन टाकतात. त्या झटापटीत जागा सुजते, अंगात ताप चढतो आणि मेलेल्या पेशींचा पू होतो. मग सावकाश दुसऱ्या पेशी येतात. त्या त्या एका जंतूलाच धरणारी हत्यारं तयार करतात आणि पुढे कित्येक वर्षं त्याचा चेहरा विसरत नाहीत. लस म्हणजे काय, तर चोर यायच्या आधीच शरीराला त्याचा फोटो दाखवून ठेवणं.

शेवटी एक चौकट होती. तिच्यात एकच वाक्य होतं: ‘गंजलेलं किंवा मातीत पडलेलं काही टोचलं, तर घरी सांगा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जा.’

सोबतच्या पत्रात बाईंनी लिहिलं होतं की, त्यांच्या वर्गातल्या एका मुलीच्या पायात खिळा गेला होता. ओरडा बसेल म्हणून तिने घरी सांगितलं नाही. आठव्या दिवशी तिचा जबडा मिटला तो उघडेना. तीन आठवडे ती अंधाऱ्या खोलीत होती, कारण उजेड पडला, दार वाजलं, तरी तिचं अंग धनुष्यासारखं ताठ व्हायचं. मुलगी वाचली, वर्ष गेलं. बाकीच्या धड्याचं तुम्ही काय ते करा, असं पत्रात होतं, पण ही चौकट राहू द्या. सचिवांनी पत्र वाचलं, त्यावर आवक क्रमांक टाकला आणि ते ड्रॉवरमध्ये ठेवलं.

समितीच्या एकूण चौदा बैठका झाल्या. बैठकांचे तास एकसष्ट, चहाचे कप पाचशे चार. त्यांपैकी जंतूंवर तीन तास दहा मिनिटं चर्चा झाली, धड्याच्या शीर्षकातल्या स्वल्पविरामावर नऊ तास. या काळात सदस्यांना मिळून सतरा वेळा सर्दी झाली आणि सतराही वेळा ती समितीला न विचारता बरी झाली. याची नोंद कुठेही घेण्यात आलेली नाही.

कामाला सुरुवात त्वचेपासून झाली. पालक प्रतिनिधींचं म्हणणं असं पडलं की, भिंतीला भोक पडतं असं छापलं, तर मुलांचा स्वतःच्या त्वचेवरचा विश्वास उडेल. म्हणून ‘त्वचा अभेद्य आहे’ असं करण्यात आलं. शेंबूड या शब्दाला भाषातज्ज्ञांनी हरकत घेतली. त्यांनी ‘नासिकाद्रव’ सुचवला. तो पाच मिनिटं टिकला. मग कुणीतरी विचारलं की, नासिकाद्रव म्हणजे शेंबूडच ना? भाषातज्ज्ञ हो म्हणाले, आणि त्यामुळे तोही काढावा लागला. आता नाकात काय असतं, याबाबत पुस्तक मौन बाळगून आहे.

तापाच्या वाक्यावर अध्यक्ष स्वतः थांबले.

“शरीर स्वतःच तापमान वाढवतं? कुणाच्या परवानगीनं?”

“मेंदूच वाढवतो, सर,” बाई पिंपाजवळून म्हणाल्या. “त्या गरमीत जंतूंची वाढ मंदावते.”

“म्हणजे वरिष्ठच सामील आहेत,” अध्यक्ष म्हणाले. “हे मुलांना कळता कामा नये.”

‘ताप येतो’ याऐवजी ‘शरीर उत्साही होते’ असं घालण्यात आलं. पुवाच्या बाबतीत मात्र समितीने हळवेपणा दाखवला. लढता लढता मेलेल्यांना पू म्हणणं मूल्यतज्ज्ञांच्या काळजाला लागलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. (अश्रूंतही जंतुनाशक द्रव्य असतं असं बाई सांगणार होत्या; त्यांना बसायला सांगण्यात आलं.) आता तिथे ‘वीरगती प्राप्त झालेल्या पेशींचा समुदाय’ असं आहे.

बाईंच्या आठ पानांत एक वाक्य असंही होतं की, कधी कधी ही संरक्षण यंत्रणा चुकून आपल्याच शरीरावर हल्ला करते, आणि तो आजार बाहेरच्या जंतूपेक्षा चिवट असतो. हे वाक्य वाचून झालं, तेव्हा अध्यक्ष छताकडे पाहत होते, पालक प्रतिनिधी बुटाकडे. वाक्य एकमताने वगळण्यात आलं. चौदा बैठकांतला हा एकमेव एकमताचा ठराव आहे आणि त्याला चाळीस सेकंद लागले.

खरा पेच पडला तो बाराव्या बैठकीत.

“एक मिनिट,” मूल्यतज्ज्ञ म्हणाले. “म्हणजे एकदा त्रास देऊन गेलेल्या जंतूला शरीर विसरतच नाही?”

“नाही, सर. काहींना तर जन्मभर नाही.”

“आणि तो परत आला की?”

“ओळखतं, आणि पसरायच्या आत निकाल लावतं.”

मूल्यतज्ज्ञांनी चष्मा काढला. “अहो, याला साध्या भाषेत डूख धरणं म्हणतात. पाचव्या धड्यात आपण क्षमा शिकवतोय. आणि अकराव्यात काय, तर चाळीस वर्षांपूर्वीच्या गोवराचा राग मनात ठेवा?”

“धडे आपसात भांडता कामा नयेत,” अध्यक्षांनी निर्णय दिला. “लक्षात ठेवण्याचा सगळा भाग काढा.”

तेव्हा बाई उठून उभ्या राहिल्या. “पण सर, मग लस कशी समजावणार? ज्याच्या लक्षातच राहत नाही, त्याला चोराचा फोटो दाखवून काय उपयोग?”

अध्यक्षांचा चेहरा उजळला. “अगदी मुद्द्याचं बोललात. काहीच उपयोग नाही. सचिव, बाईंची सूचना नोंदवून घ्या. फोटोही काढा.”

सचिवांनी लिहिलं: ‘विशेष निमंत्रितांच्या सूचनेवरून लसीबाबतचा परिच्छेद वगळण्यात येत आहे.’ इथे नमूद केलं पाहिजे की, लसीच्या विरुद्ध समितीत एकही माणूस नव्हता. सगळ्यांनी लहानपणीच घेतल्या होत्या. म्हणून तर बैठकीला यायला ते शिल्लक होते. लस गेली ती निव्वळ तर्कशुद्धतेपायी.

लस गेल्यावर चौकटीला आधार उरला नाही. “दवाखान्यात जाऊन मूल करणार काय?” पालक प्रतिनिधींनी विचारलं. या प्रश्नाला मंजूर मजकुरात खरोखरच उत्तर नव्हतं. चौकट गेली. बाईंनी पिशवी उचलली, पिंपातून पेलाभर पाणी प्यायल्या आणि निघून गेल्या. त्यांचं जाणं ‘सभात्याग’ धरावं की ‘रजा’, यावर उरलेली बैठक रंगली.

चौदाव्या बैठकीत धडा मंजूर झाला. आता तो इतर धड्यांसोबत शिवून, शिक्का मारून छापखान्यात पाठवायचा होता. शिपाई रजेवर होता. पानं दोनशे चौदा होती. सचिवांनी कपाटातून कार्यालयाचं दाभण काढलं. हे दाभण कार्यालयात सचिवांच्याही आधीपासून होतं आणि तीन कामांना वापरलं जाई: फायली शिवणे, तुंबलेल्या शाईच्या बाटलीचं बूच उपसणे आणि खिडकीतल्या कुंडीची माती उकरणे. त्याच्या टोकाला गंज होता आणि गंजावर माती होती.

सचिवांनी जोर लावला. दाभण दोनशे पानांतून सुरळीत गेलं, बाहेर आलं आणि त्याच उत्साहात त्यांच्या उजव्या अंगठ्यात अर्धा इंच शिरलं. रक्ताचा थेंब पडला तो नेमका ‘त्वचा अभेद्य आहे’ या ओळीवर. सचिवांनी इकडे तिकडे पाहिलं. कुणी नव्हतं. त्यांनी अंगठा तोंडात घातला, ते पान बदललं आणि फाइल पुन्हा शिवली.

घरी त्यांनी काही सांगितलं नाही.

त्यांच्या घरात त्यांची मोठी बहीण राहत असे. ताई चौतीस वर्षं दवाखान्यात परिचारिका होती आणि तिचा हात लागला नाही असा दंड त्या भागात विरळा. गल्लीतली मोठमोठी माणसं अजूनही तिला पाहून बाही सावरत. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी भाऊ जेवायला बसला, तो चमचा डाव्या हातात धरून. ताईने वाढता वाढता पाहिलं.

“अंगठा दाखव.”

“काही नाही गं. टोचलंय जरासं.”

“काय टोचलंय?”

“कार्यालयीन साहित्य.”

“मराठीत सांग.”

“दाभण.”

“कुठलं? ते कुंडीतलं? तूच मागे सांगत होतास, माती उकरायला बरं पडतं म्हणून?”

ताईने त्यांचा हात ओढून उजेडात धरला. अंगठा टम्म सुजला होता, लालबुंद होता आणि मध्ये पिवळट टोक धरलं होतं. तिने त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला. मग तापमापी आणून तोंडात खुपसली. ताप एकशे एक निघाला. (समितीच्या भाषेत, सचिव बऱ्यापैकी उत्साही होते.)

“दोन दिवस गप्प बसलास?” ताई म्हणाली. “लहान पोरं ओरडा बसेल म्हणून सांगत नाहीत. तू घोड्याएवढा झालास, तू कुणाला भीत होतास? धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलंस?”

सचिव आठवू लागले. त्यांना काही आठवेना.

“मी सांगते. तुझ्या नोकरीच्या तिसऱ्या वर्षी, पत्र्याने पाय कापला होता तेव्हा. मीच दिलं होतं, आणि तू भिंतीकडे तोंड करून रडला होतास. सव्वीस वर्षं झाली. चल, ऊठ.”

“ताई, उद्या छापखान्याची माणसं येणारेत. हे एवढं उरकलं की परवा...”

“तो रोग तुझं वेळापत्रक बघून येत नाही. आधी जबडा धरतो. मग कितीही वाटलं तरी तोंड उघडता येत नाही.”

तोंड न उघडता एकोणतीस वर्षं काढलेल्या माणसाला यात भिण्यासारखं काय होतं, कोण जाणे. पण सचिव भ्याले. ताट तसंच टाकून त्यांनी चपला घातल्या.

दवाखाना दोन गल्ल्या पलीकडे होता. इंजेक्शनच्या खोलीबाहेर लाकडी बाक होता आणि बाकावर, शर्टाची डावी बाही खांद्यापर्यंत गुंडाळून, मूल्यतज्ज्ञ बसले होते.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. जगात अशी काही ठिकाणं असतात जिथे दोन सभ्य माणसांनी भेटू नये. हे त्यांपैकी एक ठरलं.

“तुम्ही?” मूल्यतज्ज्ञ म्हणाले.

“बहिणीला सोबत म्हणून आलोय,” सचिव म्हणाले आणि त्यांनी अंगठा पाठीमागे लपवला. “आपण?”

“परदेशात व्याख्यान आहे. क्षमा या विषयावर. ते लोक लस घेतल्याशिवाय देशात घेत नाहीत.” ते थोडं पुढे वाकले. “टोचण्यात काही गैर नाही हो. फक्त मुलांच्या मनावर त्याचा परिणाम नको.”

आतून परिचारिकेने हाक मारली. मूल्यतज्ज्ञ गेले. पडद्याआडून त्यांचा आवाज स्पष्ट ऐकू आला. “हे किती वर्षं लक्षात राहतं शरीराला?” परिचारिका काहीतरी म्हणाली. “दहा वर्षं?” मूल्यतज्ज्ञ म्हणाले. “वा! वा! छान!”

मग सचिवांची पाळी आली. परिचारिकेने जखम उघडली, दाबली, धुतली. वीरगती प्राप्त झालेल्या पेशींचा समुदाय कापसाने पुसून पिवळ्या डब्यात टाकला. दंडात सुई गेली. सचिव भिंतीकडे तोंड करून बसले होते. ताई बाहेर उभी राहून म्हणाली, “रडू नकोस रे, झालं.”

त्यानंतरच्या आठ दिवसांत सचिवांच्या अंगठ्याने मंजूर मजकुराविरुद्ध जे वर्तन केलं, त्याला तोड नाही. तो ठणकला. तो गरम झाला. अभेद्य त्वचेला पडलेल्या भोकातून आत शिरलेल्या जंतूंना वगळलेल्या पेशींनी खाल्लं, औषधाच्या गोळ्यांनी त्यांना हात दिला. दंडातल्या लशीने सव्वीस वर्षांपूर्वीची एक आठवण खडबडून जागी केली, जी बाराव्या बैठकीच्या ठरावानुसार असायलाच नको होती. सूज उतरली, ताप गेला, खपली धरली. एकोणतीस वर्षांत सचिवांसाठी कुणी एवढं काम, एवढ्या वेळेत, सहीशिवाय केलं नव्हतं. खपलीकडे पाहताना त्यांना लाज वाटली. मनापासून वाटली. ती साधारण दीड दिवस टिकली.

त्या दीड दिवसातच बाई आल्या.

छापखान्यातून अखेरची मुद्रितं तपासायला आली होती. अकरावा धडा आता आठ पानांचा राहिला नव्हता. अडीच पानांत आटोपला होता. चौसष्टाव्या पानावर, शेवटचा प्रश्न संपल्यावर, खाली तीन ओळींची मोकळी जागा होती. बाईंनी पिशवीतून एक चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली. तीच चौकट होती, आणखी छोटी केलेली.

“बाकीचं काढलंत, काढा. मला त्याचं काही नाही,” बाई म्हणाल्या. “लशीचं नाव नको, पेशींचं नको. ‘काही टोचलं तर घरी सांगा, त्याच दिवशी दवाखान्यात जा.’ दोन ओळी होतात. जागा तीन ओळींची आहे.”

सचिवांनी चिठ्ठी घ्यायला हात पुढे केला. बाईंची नजर पट्टीवर गेली.

“काय झालं हो?”

“काही नाही. टोचलं.”

“इंजेक्शन घेतलंत ना?”

“घेतलं.”

“स्वतःहून?”

“नाही. ताईने नेलं. माझी बहीण. ती होती म्हणून...” सचिवांचं वाक्य पूर्ण झालं नाही.

“सगळ्यांच्या घरात ताई नसते,” बाई म्हणाल्या. “म्हणून तर पुस्तक लागतं.”

त्या गेल्यावर सचिवांनी चिठ्ठी पुन्हा वाचली. दोन ओळी. मुद्रितशोधनात सचिवाला तेवढा अधिकार असतो. नियम क्रमांक एकोणीस, पोटनियम दोन. त्यांनी पेन उचललं. अंगठा दुखला, पण पेन धरता येत होतं. त्यांनी टोपण काढलं.

मग त्यांना दिसू लागलं की, छापून आल्यावर अध्यक्ष विचारतील, ही ओळ कुठून आली. कारण सांगावं लागेल. कारण अंगठ्यावर होतं. म्हणजे अध्यक्षांना अंगठा दाखवण्याची वेळ येणार, आणि वरिष्ठांना अंगठा दाखवून मुदतवाढ मिळाल्याचं एकही उदाहरण सेवानियमांत नाही. शिवाय पंधरावी बैठक लागेल. शिवाय मूल्यतज्ज्ञांना दवाखाना आठवेल. शिवाय, सचिवांनी स्वतःची समजूत घातली, मुलांच्या घरी कुणी ना कुणी मोठं माणूस असतंच की. एवढं साधं घरात सांगत नाहीत का? पुस्तकात कशाला हवं?

मंडळाच्या नियमाप्रमाणे पानावर मोकळी जागा ठेवता येत नाही. सचिवांनी तिथे खूण केली: ‘वेलबुट्टी टाकणे.’ चिठ्ठीवर आवक क्रमांक टाकून ती ड्रॉवरमध्ये ठेवली, पत्राच्या वर. महिन्याभरात पेपरवेटखालची फाइल हलली आणि त्यांना दोन वर्षांची मुदतवाढ मिळाली. ताईने शिरा केला नाही, की अभिनंदन केलं नाही. तिने फक्त विचारलं, “त्या बाईंचं वाक्य घातलंस का?” सचिवांनी तोंड उघडलं आणि मिटलं. जबडा व्यवस्थित चालत होता.

आता या सचिवांना नावं ठेवायला तुम्ही मोकळे आहात. ठेवाही. असल्या माणसांमुळेच सगळं बिघडलंय, असं म्हणा. म्हटल्यावर बरं वाटतं.

पुस्तक शाळा सुरू व्हायच्या आठवड्यात तुमच्या घरी आलं. तुम्ही त्याला स्वतः कव्हर घातलंत, कोपरे नीट दुमडलेत, चिकटपट्टीवर मुलाचं नाव झोकदार अक्षरात लिहिलंत. शिवण घट्ट आहे का, तेही ओढून पाहिलंत. (ती घट्ट होती. मूळ प्रत शिवताना एका माणसाचं रक्त सांडलंय.) आत काय आहे, ते तुम्ही पाहिलं नाहीत, असं मात्र कुणी म्हणू नये. चौसष्टावं पान तुम्ही पाहिलंत, चाचणीच्या आदल्या संध्याकाळी. प्रश्न दुसरा, गाळलेली जागा भरा: ‘त्वचा अभेद्य असल्यामुळे जंतू शरीरात ...... शिरू शकत नाहीत.’ खाली सुरेख वेलबुट्टी होती.

मूल पेन्सिल चावत म्हणालं, “पण परवा माझ्या पायात खिळा गेला होता ना, तेव्हा मग...”

“ते सगळं नंतर,” तुम्ही म्हणालात. “आधी पुस्तकात काय दिलंय ते पाठ कर.”

मूल शहाणं होतं. दुसऱ्या दिवशी ‘कधीच’ असं लिहून आलं, पैकीच्या पैकी गुण मिळवले, आणि खिळ्याचं पुन्हा काही बोललं नाही.